गुलमर्ग की औली?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून बर्फ बघायला जायचं, हे आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीतच ठरलं. उन्हाळ्यात ४५ अंशांत भाजणाऱ्या यवतमाळच्या माणसाला बर्फाचं आकर्षण असणारच. शिवाय मुलांना नुसता बर्फ बघायचा नव्हता, त्यावरून स्कीइंग करायचं होतं. २६ जानेवारी २०२६ हा सोमवार. शनिवार-रविवार धरून वर चार रजा टाकल्या की आठवडा होतो. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रमजान सुरू होणार आणि मोठ्या मुलीची बोर्डाची परीक्षाही त्याच महिन्यात. म्हणजे तारीख पक्की झाली, आता प्रश्न फक्त जागेचा होता.

स्कीइंगसाठी आमच्यासमोर दोन नावं आली. एक काश्मीरमधलं गुलमर्ग, दुसरं उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं औली. खरं तर हा हिशोबाचा प्रश्न. खर्च किती, प्रवास किती, बर्फ कुठे भरवशाचा आणि अम्मीच्या गुडघ्यांना काय झेपेल, एवढंच बघायचं. पण आमच्या घरात या चार गोष्टींवर बोलायला सगळ्यात कमी वेळ मिळाला.

माझे मेहुणे म्हणाले, "गुलमर्गलाच जा. आपल्या लोकांत जाल, खाण्यापिण्याची, नमाजाची चिंता नाही. औली बद्रीनाथच्या वाटेवर आहे. तिथे नाव ऐकून खोली दिली नाही तर पोराबाळांना घेऊन कुठे फिराल?"

शेजारचे काका म्हणाले, "औलीलाच जा. काश्मीरला कशाला? पहलगामचं विसरलात का? आणि तुम्ही गेलात तर लोक उगाच काहीतरी बोलतील."

दोघांचाही जीव आमच्यावर आहे, आणि दोघांची भीती खोटी नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. धर्म विचारून माणसं मारल्याच्या त्या बातमीने मलाही कित्येक रात्री झोप लागली नाही. त्याच २६ जणांत सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवाला होता. पर्यटकांना वाचवायला तो पुढे झाला आणि गेला. त्यानंतर "काश्मीरला जाऊच नका" असे संदेश आपल्या गटांतून फिरत राहिले, तेव्हा मला त्याच्यासारख्याच घोडेवाल्यांच्या चुली आठवत होत्या.

पण दोघांच्या सल्ल्यांत एक गोष्ट सारखी होती. दोघेही तिथे कोण राहतं ते बघून जागा ठरवत होते. बर्फाचा विचार कुणीच केला नव्हता.

औलीला आम्हाला कुणी नाकारलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. भीतीने आधीच उत्तर देऊन टाकलं होतं. म्हणून एका संध्याकाळी मी तिथल्या एका मुक्कामाच्या ठिकाणी फोन लावला आणि पूर्ण नाव सांगितलं. पलीकडच्या माणसाने दोनच प्रश्न विचारले, माणसं किती आणि वयस्कर कुणी आहे का. वर आपणहून म्हणाला, "बर्फाचा आजकाल भरवसा नाही. फेब्रुवारीत आलात तर बरं." गिऱ्हाईक हातचं जाईल, तरी त्याने खरं सांगितलं.

त्या फोननंतर मी वही घेऊन बसलो. औलीचे उतार नवशिक्यांना सोपे आणि समोर नंदादेवी. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांचे सामने तिथेही झाले. पण बर्फ कमी पडल्याने तिथल्या स्पर्धा अनेकदा रद्दही कराव्या लागल्या आहेत. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर, सगळा घाटरस्ता. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले आणि औलीला जाणारा रोपवे तेव्हा बंद करावा लागला.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर, श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटर. नागपूरहून जम्मू-कटऱ्याकडे थेट गाड्या जातात आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे. गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडूरीपर्यंत, तो अम्मीला झेपेल. दुसरा अफरवटच्या बाजूला, चार हजार मीटरच्या जवळपास. तिथे तिला न्यायचं नाही. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे काश्मीरचा चिल्लई कलां, सगळ्यात कडक थंडीचा काळ. आमची रजा नेमकी त्यात बसते. तरी इथेही खात्री नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे होते आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. दोन्हीकडचा हिमालय तापतोय. पण आमच्या तारखांना गुलमर्गचं पारडं जड ठरलं. टंगमर्गजवळच बाबा रेशींची जियारत आहे, हे कळल्यावर दरवर्षी नागपूरला ताजबागेत जाणारी अम्मी तर खूश झाली.

निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकाने विचारलं, "सुट्टीला कुठे?" मी म्हणालो, "उत्तरेकडे, हिमालयात."

घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं. हाच प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता तर तो सहज "गुलमर्ग" म्हणाला असता आणि लोकांनी त्याला फोटो पाठवायला सांगितलं असतं. मग मी का लपवलं? कुणी टोमणा मारला नव्हता. टोमणा येईल या धास्तीने मी आधीच मान खाली घातली होती. औलीच्या बाबतीत मेहुण्यांनी जे केलं, तेच मी माझ्या ऑफिसच्या बाबतीत केलं होतं.

मुसलमान वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे, की "आपल्या लोकांत" हा नकाशा बाजूला ठेवा. अख्खा देश आपला आहे असं आपण म्हणतो, तर चमोलीला फोन करायला कचरू नका. इतर वाचकांना विनंती, की आम्ही काश्मीरला निघालो तर त्यात बर्फापलीकडे काही शोधू नका. इतरांसारखं आम्हालाही नुसतं पर्यटक असू द्या.

पुढच्या वेळी मुलीची परीक्षा नसेल तेव्हा औलीला जायचं आहे. त्या फोनवरच्या माणसाला तसा शब्द दिलाय. आणि सोमवारी मी रजेचा अर्ज भरला. "रजेच्या काळातील पत्ता" या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं: गुलमर्ग, जम्मू-काश्मीर.