मोबाइलच्या मनोऱ्यांना डिझेलचा टेकू

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आडवे झाले. वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही मुका झाला. मनोरा उभा असला, तरी त्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या बॅटऱ्या काही तासच साथ देतात. त्यानंतर जनित्र चालवावे लागते आणि झाडे पडून रस्ते बंद झाले की डिझेल पोहोचत नाही. गावाकडच्या घराचे छप्पर राहिले की उडाले, हे कळण्यासाठी मुंबईतील अनेक चाकरमान्यांना कित्येक दिवस वाट पाहावी लागली. मोबाइलच्या मनोऱ्याला वीज कोठून मिळते, हा प्रश्न त्यामुळे केवळ पर्यावरणाचा राहत नाही.

हा प्रश्न सरकारच्या लक्षात आला नव्हता, असेही नाही. मनोऱ्यांना लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ६० टक्के वीज डिझेल जनित्रांतून येते आणि त्यासाठी वर्षाला सुमारे २०० कोटी लिटर डिझेल जळते, असा अंदाज दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे 'ट्राय'ने २०११ मध्ये मांडला होता. त्याच्या शिफारशींवरून दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये आदेश काढला. ग्रामीण भागातील ५० टक्के आणि शहरी भागातील २० टक्के मनोरे २०१५ पर्यंत, तर अनुक्रमे ७५ आणि ३३ टक्के मनोरे २०२० पर्यंत अपारंपरिक ऊर्जेची जोड असलेल्या संमिश्र विजेवर चालवायचे होते. दोन्ही मुदती उलटल्या. उद्दिष्टे मात्र कागदावरच राहिली.

असे का झाले, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एखाद्या केंद्राला सतत दोन किलोवॉट वीज लागते असे धरले, तर दिवसाची गरज ४८ युनिट होते. महाराष्ट्रात एक किलोवॉटची सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात. म्हणजे बारा किलोवॉटची पॅनेल हवीत आणि त्यासाठी सुमारे १२० चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा हवी. शहरातील इमारतीच्या गच्चीवर ती मिळणे कठीण. शिवाय एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रणा असेल, तर गरज त्या प्रमाणात वाढते. कोकणात तर पावसाळ्याचे चार महिने सूर्यदर्शनच दुर्मीळ!

म्हणूनच या चर्चेत पॅनेलपेक्षा बॅटरी अधिक महत्त्वाची ठरते. पूर्वी सर्वत्र लेड-ॲसिड बॅटऱ्या वापरल्या जात. त्या निम्म्याहून अधिक रिकाम्या केल्या की त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. विदर्भातील उन्हाळ्यासारखी उष्णताही त्यांना मानवत नाही. लिथियम बॅटरी क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, लवकर भारित होते आणि हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. जेथे दिवसातून चार तास वीज जाते, तेथे वरील उदाहरणातील केंद्राला आठ युनिटांचाच साठा पुरतो. पॅनेल नसले तरी जनित्र सुरू करावे लागत नाही. याउलट केवळ उन्हावर विसंबायचे, तर अठरा तासांची म्हणजे ३६ युनिटांची बेगमी करावी लागते, ढगाळ दिवसांची वेगळीच. गावातील वीजपुरवठा सुधारणे हाही डिझेल वाचवण्याचाच मार्ग आहे, हे यावरून स्पष्ट होते.

डिझेल स्वस्त आहे, म्हणून ते टिकून आहे, असेही म्हणता येत नाही. लहान जनित्र एका लिटरमध्ये जेमतेम तीन युनिट वीज देते. लिटरचा दर नव्वद रुपये धरला, तर केवळ इंधनापोटी युनिटला तीस रुपये पडतात. वाहतूक आणि चोरी वेगळीच. खरी अडचण खर्च कोणी करायचा, ही आहे. बहुतेक ठिकाणी मनोरा एका कंपनीचा, तर त्यावरील सेवा दुसऱ्याच कंपन्यांच्या. डिझेलचे बिल सेवा देणाऱ्या कंपनीकडून वसूल होत असेल, तर मनोऱ्याच्या मालकाने पॅनेल-बॅटऱ्यांत पैसा का गुंतवावा? वीज ठराविक दराने पुरवण्याचा करार झाला, तरच बचतीचा लाभ गुंतवणूक करणाऱ्याच्या पदरात पडतो.

बाहेरून हरित वीज विकत घेण्याचा मार्गही अर्धाच खुला आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये नियम बदलून त्यासाठीची मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. मात्र मनोऱ्याची गरज काही किलोवॉटचीच असते. पुढे अनेक जोडण्यांची बेरीज मान्य झाली, तीही एकाच वीज विभागाच्या हद्दीतली. जिल्हाभर विखुरलेल्या मनोऱ्यांना त्याचा लाभ मर्यादितच मिळतो.

तरीही काही ठिकाणी मार्ग निघाला आहे. नक्षलग्रस्त भागांत 'बीएसएनएल'ने कमी वीज खाणारी, सौरऊर्जेवर चालणारी केंद्रे उभारली. सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ हजार ५०० हून अधिक फोर-जी मनोऱ्यांचे लोकार्पण झाले, तेव्हा ते सौरऊर्जेवर चालणारे असल्याचे सरकारने सांगितले. ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु पॅनेल बसवले म्हणजे जनित्र बंद झाले, असे होत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून आलेल्या फाइव्ह-जीमुळे केंद्रांची भूक आणखी वाढली आहे.

तेव्हा किती मनोऱ्यांवर पॅनेल चढली, यापेक्षा किती मनोऱ्यांचे डिझेल किती घटले आणि वीज गेल्यावर कोणता मनोरा किती तास तग धरतो, याची जिल्हावार आकडेवारी जाहीर व्हायला हवी. किनारपट्टीवर तर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील निवडक मनोऱ्यांना, वादळात टिकतील अशा बांधणीसह, दोन-तीन दिवसांचा साठा सक्तीचा करणे अवघड नाही. पुढचे वादळ मुदतवाढ देणार नाही.