जमीन माझी, पाणी कोणाचे?

‘जमीन माझी, तर तिच्या पोटातले पाणीही माझे. किती उपसायचे ते मी ठरवीन. तो माझा निसर्गदत्त हक्क आहे.’ अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेरपासून पाथर्डीपर्यंत कोणत्याही पारावर हे ऐकू येते. बोलणारा माणूस वाईट नसतो. कर्ज काढून त्याने बोअर घेतलेले असते, डोळ्यांदेखत बाग जळताना पाहिलेली असते. जुना कायदाही त्याच्या बाजूचा आहे. आपल्या हद्दीतले, ठरावीक प्रवाहात नसलेले भूमिगत पाणी काढण्याचा जमीनमालकाचा हक्क 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने मान्य केला. त्याआधी इंग्लंडमध्ये 1843 साली ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ खटल्यात हेच तत्त्व ठरले होते. जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा कोणाला कळत नाहीत, हा त्या निकालाचा एक आधार होता.

आज त्या वाटा कळतात, आणि म्हणूनच हा दावा टिकत नाही. आपल्याकडे जमिनीखाली बेसॉल्ट आहे. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, मध्ये भेगा. पाणी मुख्यतः एवढ्यातच साठते. खालच्या घट्ट काळ्या पाषाणात ते फारसे नसते. बांध जमिनीवर असतो, मुरमात नसतो. एकाच थरावर चार भावकींच्या विहिरी उभ्या असतात. एकाने खोल बोअर मारले की वरच्या थरातले पाणी त्यात उतरते आणि शेजारच्या चाळीस फुटी विहिरीचा तळ दिसू लागतो. मग शेजारी आडवे बोअर घेतो, तेही आटले की उभे. शेवटी चौघांवरही कर्ज असते आणि पाणी कोणाकडेच नसते. ज्याला आपण निसर्गदत्त हक्क म्हणतो, तो निसर्गानेच असा फेटाळलेला आहे.

नैसर्गिक कायद्याची परंपराही या दाव्याच्या विरुद्धच साक्ष देते. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथाने हवा, वाहते पाणी आणि समुद्र निसर्गाच्या कायद्याने सर्वांचे मानले. त्याच परंपरेचा आधार घेऊन आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व स्वीकारले: निसर्गसंपत्तीचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. निसर्गाचा नियम म्हणजे बळवंताची रूढी, असे इतिहास दाखवतो. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, दलितांना मात्र बंदी होती. 1927 चा सत्याग्रह त्याविरुद्ध होता. आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना 2016 पर्यंत बंद होता. दोन्हीकडे रूढीने शाश्वत नियमाचा मुखवटा घातला होता. पण म्हणून शाश्वत नियमच नाहीत, असे ठरत नाही. रूढी चूक ठरवायला तिच्या वरचे काही माप लागते, आणि महाडला तेच माप वापरले गेले: तहान सर्वांना सारखीच लागते. जो नियम सांगणाऱ्यालाही तितकाच बांधत नाही, तो निसर्गाचा नव्हे. बोअरवाल्याचा ‘हक्क’ याच कसोटीवर नापास होतो, कारण शेजाऱ्यानेही तो तितकाच वापरला तर तो त्यालाच नको असतो.

‘कायदा आहेच की,’ असेही कोणी म्हणेल. आहे. भूजलाचा एक कायदा 1993 मध्ये झाला, दुसरा 2009 चा. दुसऱ्याने साठ मीटरहून खोल विहिरींना शेतीसाठी मनाई सांगितली. तरीही बोअरच्या गाड्या रात्री-अपरात्री शिवारात शिरतात. लोकांना जो नियम आपला वाटत नाही, तो कागदावरच राहतो.

हिवरे बाजारला नियम टिकला, कारण तो लोकांनी पाण्याकडे पाहून केला. नगर तालुक्यातले हे अवर्षणप्रवण गाव. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, बंधारे सगळे झाले. पण माझ्या मते खरे धाडस पाणी अडवण्यात नव्हते, वाटण्यात होते. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे ग्रामसभेने ठरवले. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्यात रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. पाऊस कमी तर पिके कमी. यात कोणाचा सातबारा गेला नाही. फक्त सातबाऱ्याबरोबर अमर्याद उपसा येतो हा समज गेला. निसर्गाची मर्यादा माणसांनी आपणहून नियमात उतरवली, तेव्हाच ती समाजात नांदली.

म्हणून गावोगावच्या सरपंचांना आणि शेतकऱ्यांना माझी विनंती आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, रब्बीची पेरणी होण्याआधी, पाण्याचा ताळेबंद विषयपत्रिकेवर पहिला घ्या. पर्जन्यमापकाची नोंद आणि विहिरींची पातळी सर्वांसमोर वाचून दाखवा, आणि त्यानंतरच पिकांचे बोला.