अंतर तेवढंच, मग चार तास गेले कुठे?

घरात शाळेतला पृथ्वीगोल असेल तर माळ्यावरून काढा आणि एक दोरा घ्या. (मोबाइलवरचा सपाट नकाशा इथे फसवतो, त्यावर सरळ वाटही वाकडी दिसते.) दोऱ्याचं एक टोक फिनलंडच्या हेलसिंकीवर, दुसरं टोकियोवर. ताणलात की दोरा बहुतेक सगळा रशियावरून जातो. दोन शहरांमधली ही सगळ्यात जवळची वाट, साधारण ७,८०० किलोमीटर. विमानाला नऊ-साडेनऊ तास पुरायचे.

आता सुमारे तेरा लागतात. पृथ्वी काही फुगलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियाने लगेच परतफेड केली. तेव्हापासून फिनएअरचं विमान एकतर उत्तर ध्रुवावरून जातं, नाहीतर दक्षिणेकडून मध्य आशियातून वळसा घालतं. ध्रुवावरून गेलेल्या प्रवाशांना कंपनीने प्रमाणपत्रंही वाटली. भिंतीवर लावायला बरं आहे, पण जादाचे चार तास आणि तेवढं इंधन कुणाच्या खिशातून गेलं?

खरी गंमत पुढे आहे. याच फिनएअरने १९८३ मध्ये हेलसिंकी–टोकियो विनाथांबा विमान सुरू केलं. तेव्हा शीतयुद्ध चालू होतं, त्यामुळे सोव्हिएत आकाश टाळून विमान ध्रुवावरून न्यावं लागलं. वेळ? सुमारे तेरा तास! म्हणजे चाळीस वर्षांत इंजिनं सुधारली, विमानं हलकी झाली आणि घड्याळ मात्र होतं तिथेच आलं. चिनी कंपन्यांना रशियाने अडवलेलं नाही, त्यांची विमानं युरोपला जुन्याच जवळच्या वाटेने जातात.

म्हणून ‘जग जवळ आलंय’ हे वाक्य मला पटत नाही. निबंधात खपतं, विमानतळावर नाही. खालच्या देशाने हो म्हटलं तर जग जवळ, नाही म्हटलं की लांब.

आणि हे युरोपचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, मग आपण त्यांच्या. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानांना लांबचा फेरा पडला, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. तुमच्यापैकी जे एमएससाठी निघणार आहेत, त्यांनी सीनियरने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या तासांवर विसंबू नये. त्याच्यापुरते ते खरे होते. वेबसाइटवरचं किलोमीटरचं अंतर तर विसराच, ते फक्त तुमचा दोरा मोजतं. त्याच मार्गावरचं विमान गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वाजता उतरलं ते बघा. विमानांचा माग दाखवणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. ते बघितल्याशिवाय दीड तासात सुटणारं पुढचं विमान धरायचं तिकीट काढू नका.