आडनावावरून माणूस जोखणं बंद करा

पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्याला भाडं किती परवडेल, हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘आडनाव काय?’ त्यावरून काही कळलं नाही तर ‘मूळचे कुठले?’ तरीही थांग लागला नाही तर ‘तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?’ याला चौकसपणा म्हणायला मी तयार नाही. ही जातीची झडती आहे. ती हळू आवाजात, चहा पुढे करत घेतली म्हणून सभ्य ठरत नाही.

या झडतीतल्या अन्यायाची मला चीड येते, तशीच तिच्यामागच्या अडाणीपणाचीही. इतिहासावर उठता-बसता बोलणाऱ्या या शहराने आपल्याच आडनावांचा इतिहास वाचलेला नाही.

पेशव्यांपासूनच बघा. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे भट. पेशवा हे पद. पुढे घराणंच त्या नावाने ओळखलं गेलं. नाना फडणवीस जन्माने भानू. फडणिशी हा त्यांचा हुद्दा. चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस ही सगळी दफ्तरातली कामं, आणि त्यातला ‘नीस’ फारसीतून आलेला. ज्यांच्यावरून रास्ता पेठ ओळखली जाते ते सरदार रास्ते मूळचे गोखले. टिळक ज्या वाड्यात राहिले त्या वाड्याचे मालक विंचूरकर मूळचे दाणी. विंचूर हे नाशिककडचं गाव त्यांच्या नावाला नंतर चिकटलं. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले.

महात्मा फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन पेशव्यांकडे फुलं पुरवण्याचं काम सुरू झालं आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. सकपाळांच्या घरातल्या भीमरावांना आंबडवे या गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर हे आडनाव मिळालं. ज्या आडनावांपुढे आज आपण हात जोडतो ती एका धंद्यातून, एका गावातून आली आहेत, आणि तीही अगदी अलीकडे.

जगभर हेच घडलं आहे. पोलंडचा कोवाल्स्की आणि रशियाचा कुझ्नेत्सोव्ह, दोघांच्याही आडनावात लोहार आहे. चेक आणि स्लोव्हेनियन लोकांतलं सर्वत्र आढळणारं नोवाक म्हणजे गावात नव्याने आलेला. पोलिश उमराव आपल्या गावाच्या नावाला ‘स्की’ जोडत. त्याला प्रतिष्ठा आल्यावर इतरांनीही ते उचललं. आपल्या ‘कर’ची गोष्ट याहून फार वेगळी नाही. आडनावात रक्ताची शुद्धता शोधणारा कुठेही गेला तरी त्याच्या हाती शेवटी भाता, दफ्तर नाहीतर गावाची वेसच लागते.

बरं, आडनावावरून जात तरी नक्की कळते का? पाटील मराठा असतात, लिंगायत असतात, जैन आणि मुसलमानही असतात. देशमुख आणि इनामदारांचंही तसंच. शिंदे, जाधव, गायकवाड, मोरे, पवार किती जातींत आहेत ते शाळेच्या कुठल्याही हजेरीपटावर बघा. दिवेकर म्हटलं की चित्पावन समजणाऱ्याने कोकणातले बेने इस्रायली ज्यूही दिवेकर असतात हे लक्षात ठेवावं. विचारणाऱ्यांनाही हा घोळ ठाऊक असतो. म्हणून तर ते आडनावावर न थांबता गावाकडे आणि ताटाकडे वळतात. त्यांचा हेतू तिथेच उघडा पडतो.

‘आम्ही सहज विचारतो, ओळख निघते,’ हा बचाव मी पुष्कळ ऐकला आहे आणि तो मला साफ अमान्य आहे. गोखले सांगितल्यावर ओळख निघते आणि कांबळे सांगितल्यावर ‘फ्लॅट कालच गेला’ असं उत्तर मिळतं, तर त्या प्रश्नात सहज काहीच नव्हतं. त्याची किंमत विचारणारा कधीच मोजत नाही. ती मोजतो दारातून परत फिरणारा. कुणी वैतागून राजपत्रात आडनाव बदलून घेतो, कुणी वडिलांच्या नावावरच भागवतो. ज्याने काही गुन्हा केलेला नाही त्याने स्वतःचं नाव लपवायचं, ही या विद्येच्या माहेरघराची लाज आहे.

राज्य सरकारने २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. निर्णय योग्यच होता. पण पाट्या बदलल्या तरी घरमालकाचा प्रश्न तोच राहतो. राज्यघटनेचं १५वं कलम जातीवरून भेद करायला राज्यसंस्थेला मनाई करतं. खासगी फ्लॅटच्या दारापर्यंत त्याचा हात सहज पोचत नाही. तिथे आपणच उभं राहायला हवं.

आडनावाचा अभ्यास जरूर करा. कुलवृत्तांत वाचा, घराण्याने गाव, काम आणि आडनाव कसं बदललं हे त्यांच्याच पानांवर सापडतं. पण घर देताना भाडं, अनामत आणि मुदत यांपलीकडे काही विचारायचं कारण नाही. पूर्ण नाव भाडेकरारात लागतं, तिथे ते लिहिलं जाईलच. त्याआधी कुणी आडनाव विचारलं तर ‘कशासाठी?’ असं तोंडावर विचारा. आणि ज्यांच्या आडनावाला या शहरात दारं आपोआप उघडतात, त्यांनी हा प्रश्न सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने विचारावा.