किल्ली कोणाकडे?

कॉलेजातली कुठलीही संघटना म्हणजे चार वर्षांत संपूर्ण बदलणारी माणसं. सगळं सुरळीत असतानाही ती टिकवणं कठीण. मग युद्ध पेटलं आणि पोरं एकदम सैन्यात गेली तर? अमेरिकेतल्या ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या विद्यार्थी-संघटनांवर ही वेळ अनेकदा आली. ग्रीक अक्षरांची नावं, कॉलेजा-कॉलेजात शाखा आणि बऱ्याच ठिकाणी सभासदांना राहायला स्वतःचं घर, असं यांचं स्वरूप. त्या युद्धातून कशा तगल्या हे आपण होस्टेलवाल्यांनी जरूर पाहावं.

पहिलं उदाहरण ‘फाय बीटा काप्पा’चं. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ५ डिसेंबर १७७६ रोजी ती सुरू झाली. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा चालूच होतं. ब्रिटिश फौजा जवळ आल्या, तेव्हा जानेवारी १७८१ मध्ये सभासदांनी सगळी कागदपत्रं गोळा केली, मोहोरबंद केली आणि कॉलेजच्या कारभाऱ्याच्या हवाली केली. ती शाखा पुन्हा उघडायला १८५१ साल उजाडलं! तरी संघटना मेली नाही. कारण १७७९ मध्येच तिने हार्वर्ड आणि येलला शाखा काढायच्या सनदा देऊन ठेवल्या होत्या. मूळ झाड वठलं, पण कलमं दुसरीकडे रुजली होती.

दुसरं उदाहरण यादवी युद्धाचं (१८६१-६५). ‘सिग्मा अल्फा एप्सिलॉन’ ही १८५६ साली अलाबामा विद्यापीठात निघालेली संघटना. तिचे जवळजवळ सगळे सभासद दक्षिणेच्या सैन्यात गेले. युद्ध संपलं तेव्हा एकच शाखा शिल्लक होती, वॉशिंग्टनच्या कोलंबियन कॉलेजातली. केंटकी मिलिटरी इन्स्टिट्यूटमधल्या शाखेची गुप्त कागदपत्रं ल्यूसी पॅटी नावाच्या मुलीने युद्धभर लपवून ठेवली आणि नंतर परत केली, असं ही संघटना अभिमानाने सांगते. गंमत बघा, जिथे मुलींना प्रवेशच नव्हता, तिथली ठेव एका मुलीने सांभाळली! आणि आपले इंजिनियर बंधू? ट्रॉय गावच्या रेन्सलियर पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी २९ एप्रिल १८६४ रोजी, म्हणजे ऐन युद्धात, ‘थीटा झाय’ ही नवी संघटना काढली.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न पैशाचाही झाला. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचं वय विसावरून अठरावर आलं आणि कॉलेजं ओस पडली. घर रिकामं, पण कर्जाचे हप्ते चालूच. अशा वेळी पुढे आले ते माजी विद्यार्थी. बऱ्याच ठिकाणी घराची मालकी त्यांच्याच मंडळाकडे असे. त्यांनी घरं कॉलेजांना आणि लष्कराला भाड्याने दिली. जुलै १९४३ पासून नौदलाचा ‘व्ही-१२’ हा प्रशिक्षणक्रम १३१ कॉलेजांत सुरू झाला, आणि अनेक ठिकाणी शाखेच्या घरात नौदलाची पोरं राहू लागली. आघाडीवरच्या सभासदांना शाखेची वार्तापत्रं जात राहिली. पुढे १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये तर कॉलेजातले जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. बंद शाखा पुन्हा गजबजल्या.

या सगळ्यात समान धागा कोणता? संघटना उत्साहावर टिकली नाही. कागद कुणाकडे, पैसा कुणाकडे, किल्ली कुणाकडे, हे कुणीतरी वेळेवर ठरवलं म्हणून ती टिकली.

पण तुम्ही म्हणाल, टिकलं ते सगळं चांगलंच होतं का? मुळीच नाही. दक्षिणेच्या ज्या सैन्यात ती पोरं लढली, ते गुलामगिरी राखण्यासाठी लढत होतं. कागदपत्रांबरोबर वर्णभेदही जपला गेला. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजातल्या ‘फाय काप्पा साय’च्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचं ठरवलं, तेव्हा केंद्रीय संघटनेने ती शाखाच निलंबित केली. हिटलरशी लढून आलेल्या देशातली ही गोष्ट!

आता आपल्याकडे वळू. आपल्यावर युद्ध आलं नाही, पण मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन आला आणि होस्टेलं रातोरात रिकामी झाली. सिनियर्स घरबसल्या पास होऊन गेले, ज्युनियर्स ऑनलाईन आले. सोपवासोपवी करायला समोर कुणी नव्हतंच. पण खरं सांगा, एरवी तरी आपण काय सोपवतो? गणपतीच्या वर्गणीचा हिशोब एकाच्या डायरीत, मंडपवाल्याचा नंबर दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये, मेसच्या ठेकेदाराशी काय ठरलं ते तिसऱ्याच्या डोक्यात. तिघं पास आऊट झाले की दरवर्षी श्रीगणेशा!

आणि गंमत म्हणजे, ‘इंट्रो’च्या नावाखाली चालणारा छळ मात्र कुठल्याही रजिस्टरशिवाय बरोब्बर पुढच्या बॅचकडे पोचतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, तरीसुद्धा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक मंडळाने एक रजिस्टर करावं आणि त्याची एक प्रत रेक्टर सरांच्या कपाटात ठेवावी. सेकंड इयरच्या दोघांना आत्तापासून बरोबर घ्यावं. माजी विद्यार्थ्यांची आठवण फक्त वर्गणीपुरती नको. आणि रजिस्टर लिहिताना एक पान मुद्दाम कोरं सोडावं, जे पुढच्या बॅचला द्यायचं नाही त्याच्यासाठी. ओरल्स संपल्या की आपण बॅगा भरणारच आहोत. त्याआधी किल्ली कुणाच्या हातात द्यायची, तेवढं ठरवू या.