'सैराट' ते टायला: गावचा ठेका जगभर वाजतो, मग वाजवणाऱ्याला काय मिळतं?

लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो नाहीतर कॉलेजचं गॅदरिंग. 'झिंगाट' लागलं की कोपऱ्यात बसलेला माणूसही उठून नाचायला लागतो. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. त्यानंतर कितीतरी गाणी आली आणि गेली, पण झिंगाट काही मागे पडलं नाही.

या गाण्यामागचा फॉर्म्युला मात्र फक्त महाराष्ट्रातला नाही. आफ्रिकेतले गायक गेली कित्येक दशकं हेच करत आलेत. आणि तिथे जो प्रश्न उभा राहिला, तोच आज सोलापूरच्या हलगीवाल्यापुढेही आहे.

फॉर्म्युला काय आहे?

'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. सिनेमाचं शूटिंगही याच भागात झालं. संगीत अजय-अतुल यांचं. 'झिंगाट'चे शब्द, चाल आणि आवाज, तिन्ही गोगावले बंधूंचं.

गोष्ट करमाळ्याची, पण संगीतातल्या पाश्चात्य वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग झालं लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोरिंग स्टेजवर. तिथे रेकॉर्डिंग करणारा पहिला भारतीय सिनेमा म्हणून 'सैराट'ची चर्चा झाली. एकीकडे वरातीचा ठेका, दुसरीकडे व्हायोलिनचा ताफा. २०१८ मध्ये 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली, शब्द हिंदी झाले, पण झिंगाटची चाल तीच राहिली.

आता आफ्रिकेकडे बघा. सेनेगलच्या युसू एन्डूर यांनी साबार या पारंपरिक ढोलाच्या तालांना पाश्चात्य पॉपची जोड दिली आणि ते जगभर पोहोचले. दक्षिण आफ्रिकेची टायला तर तुमच्या रील्समध्येही येऊन गेली असेल. तिच्या 'वॉटर' या गाण्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही आफ्रिकन संगीतासाठी त्या वर्षी नव्यानेच सुरू झालेल्या विभागात.

थोडक्यात, ताल मातीतला, मांडणी जगाला कळेल अशी.

दहा शिलिंगांचं गाणं

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

१९३९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने 'मबुबे' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. त्याचे हक्क त्याने रेकॉर्ड कंपनीला अवघ्या दहा शिलिंगांना विकले. पुढे अमेरिकेत याच चालीवर 'द लायन स्लीप्स टुनाइट' तयार झालं आणि १९६१ मध्ये ते तुफान गाजलं. १९९४ च्या 'द लायन किंग'मध्येही ते वाजलं.

लिंडा मात्र १९६२ मध्ये गरिबीतच वारला. त्याच्या मुलींनी कोर्टात लढा दिला, तेव्हा २००६ मध्ये तडजोड झाली आणि मूळ गाणं त्याचं हे मान्य झालं.

हलगीचा मामला जास्त गुंतागुंतीचा

लिंडाच्या बाबतीत निदान एक गाणं होतं आणि एक गायक होता. हलगीच्या ठेक्याला असा एक कुणी मालक नाही. तो पिढ्यानपिढ्या हातातून हातात आलेला आहे.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात जत्रा असो की कुस्तीचं मैदान, हलगी लागतेच. गोल कड्यावर ताणलेलं चामडं, एका हातात छोटी जाड काठी, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. वाजवण्याआधी जाळावर तापवली की आवाज कडाडतो.

पण हे वाजवणं हौसेपोटी सुरू झालेलं नाही. जत्रेत, मयतीला, दवंडी द्यायला हलगी वाजवायची हे काम गावगाड्याने मातंग, महार अशा समाजांवर लादलं होतं. म्हणूनच आंबेडकरी चळवळीत अनेकांनी अशी गावकीची कामं सोडून दिली. काहींनी तीच हलगी स्वतःच्या कलेचा अभिमान म्हणून पुढे नेली. आज पथकं सुपारी घेऊन वाजवतात.

पूर्वी गावाला वाजवणाऱ्याची जात माहीत असायची, नाव घ्यायची गरज वाटायची नाही. आज एखाद्या गाण्याखाली नुसतं 'लोकवाद्य' लिहून वादकाचं नाव गाळलं, तर वेगळं काय झालं?

कायदा काय सांगतो?

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. सिनेमासाठी हक्क लिहून दिले तरी गीतकार आणि संगीतकाराला इतर वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मिळतो. गायक आणि वादक हे 'परफॉर्मर' असल्यामुळे त्यांच्या कलेचा व्यापारी वापर झाला तर त्यांनाही रॉयल्टीचा हक्क आहे.

मेख पुढे आहे. सिनेमात ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि इंडस्ट्रीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला कायदा रॉयल्टीसाठी परफॉर्मर मानत नाही. आपल्या कलेची मोडतोड झाली तर दाद मागता येते, पण पैसे मागता येत नाहीत. अशा वादकासाठी पडद्यावरचं नाव म्हणजे नुसता मान नाही, रॉयल्टी मागण्याचा आधारच आहे.

आणि वरातीत गाणं वाजलं तर? लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्याने सूट दिली आहे. म्हणजे जिथे हा ठेका सगळ्यात जास्त घुमतो, तिथून वादकाला काय, संगीतकारालाही रॉयल्टी मिळत नाही. तिथे कमाई एकच, प्रत्यक्ष वाजवण्याची सुपारी. डीजे आला की तीही जाते.

मग करायचं काय?

ठेका कुणाच्या मालकीचा नाही, त्यामुळे तो वापरू नका असं कुणी म्हणू शकत नाही, म्हणूही नये. तो पॉपमध्ये मिसळला म्हणूनच जगभर गेला. पण स्टुडिओत हलगी वाजवली तो माणूस अनामिक नसतो. रेकॉर्डिंगच्या दिवशीच त्याच्याशी लेखी करार करणं आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव टाकणं, याला फारसा खर्च येत नाही.

सॉलोमन लिंडाचं नाव त्याच्या गाण्याला परत मिळायला त्याच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षं लागली. करमाळ्याच्या जत्रेत आज हलगी वाजवणाऱ्या पोराचं नाव तर आजच विचारून लिहून घेता येतं.