विश्लेषण : उन्हात शरीराचे तापमान एक अंशाने वाढायला किती वेळ लागतो? शाळेतल्या सूत्रातून समजून घ्या उष्माघाताचे गणित

उन्हाळ्यात शहराचा पारा कुठे पोहोचला याच्या बातम्या रोज येतात. मात्र उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचा पारा किती वेळात चढतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एका सूत्राने तो मांडता येतो.

काय आहे हे सूत्र?

एक किलो पदार्थाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जितकी उष्णता लागते, तिला त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. पाण्यासाठी ती सुमारे ४.१८ किलोज्यूल आहे, तर लोखंडासाठी फक्त ०.४५ किलोज्यूल. म्हणजे ४२ किलोज्यूल उष्णता दिली तर एक किलो पाणी जेमतेम १० अंशांनी तापते, पण एक किलो लोखंड सुमारे ९३ अंशांनी. बांधकामावरच्या सळईला दुपारी हात लावता येत नाही आणि शेजारच्या पिंपातले पाणी मात्र कोमटच असते, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

सूत्र असे : तापमानातील बदल = उष्णता ÷ (वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता).

शरीराला हे कसे लागू होते?

शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने त्याची विशिष्ट उष्माधारकताही बरीच जास्त, सुमारे ३.५ किलोज्यूल आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीचे तापमान एक अंशाने वाढायला ६० × ३.५, म्हणजे २१० किलोज्यूल उष्णता लागते.

ही उष्णता शरीर स्वतःच तयार करत असते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट, म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल उष्णता निर्माण करतो. पाट्या वाहणे, खोदकाम अशा कष्टाच्या कामात हा आकडा ३५० वॅटच्या आसपास जातो. समजा, यातली काहीच उष्णता बाहेर पडली नाही, तर बसलेल्या माणसाचे तापमान ३५ मिनिटांत एक अंशाने वाढेल. कष्ट करणाऱ्याचे अवघ्या १० मिनिटांत! शरीराचे तापमान ३७ वरून ४० अंशांवर, म्हणजे उष्माघाताच्या उंबरठ्यावर जायला मग अर्धा तास पुरेल. थेट उन्हाची उष्णता यात धरलेलीच नाही.

मग शरीर तग कसे धरते?

घामामुळे. हवा त्वचेपेक्षा गार असेल तर शरीराची काही उष्णता हवेत जाते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की उष्णता उलट शरीरात येऊ लागते आणि घाम हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ३५० वॅटच्या कामात तासाभरात १,२६० किलोज्यूल उष्णता तयार होते. ती काढून टाकायला तासाला किमान अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. तेवढे पाणी प्यायला मिळाले नाही, तर घाम येणार कुठून?

दमट हवेत धोका का वाढतो?

निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीर थंड करत नाही. तो त्वचेवरच वाळावा लागतो आणि दमट हवेत तो नीट वाळत नाही. हवामान विभाग मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंशांचा निकष लावतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांचा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ही माणसे कष्टाचे काम करत नव्हती, कार्यक्रमासाठी उन्हात बसली होती.

काय करायला हवे?

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला आणि नंतर इतर शहरांनीही असे आराखडे केले. पण आराखडा कामाच्या जागेपर्यंत पोहोचायला हवा. दुपारी १२ ते ४ जड काम बंद, दर तासाला सावलीत विश्रांती आणि हाताशी पिण्याचे पाणी, ही मजुरावर केलेली मेहेरबानी ठरत नाही. ६० किलोच्या शरीराचा हिशेब तेवढे मागतोच. ठेकेदार, आयोजक आणि परवानगी देणारी यंत्रणा यांनी तो आधीच मांडायला हवा.

कोणी उन्हात भोवळ येऊन पडले, असंबद्ध बोलू लागले, तर १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या व्यक्तीला सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापमान दोन अंशांनी उतरवायला ४२० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते, म्हणून सुरुवात जागेवरच व्हायला हवी.